आल्प्समधल्या गुहांची मोहीम: जागा, माणसे, पैसा आणि नकाशा

युरोपात आल्प्सच्या चुनखडीच्या पठारांवर दर उन्हाळ्यात नव्या गुहा सापडतात. त्या शोधणारे बहुतेक जण नोकरी किंवा शिक्षण सांभाळून, रजा टाकून आलेले हौशी लोक असतात. सह्याद्रीत तयार झालेल्या ट्रेकरलाही या कामात जागा आहे. युरोपात शिकायला गेलेली आपली मुले तिथल्या विद्यापीठाच्या केव्हिंग (गुहाशोधन) क्लबात थेट जाऊ शकतात. पुण्या-मुंबईच्या ग्रुपने वर्ष-दोन वर्षे नीट तयारी केली, तर त्यांनाही हे आवाक्यातले आहे. हा लेख अशा नवख्यांसाठी आहे. उदाहरणाला मी स्लोव्हेनियातले ज्युलियन आल्प्स घेतले आहेत, कारण हौशी मोहीम वर्षानुवर्षे कशी चालवावी याचा उत्तम नमुना तिथे पाहायला मिळतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करा. अशी मोहीम नकाशासाठी असते. किती खोल उतरलात, किती तास आत होतात, याचे कौतुक मित्रमंडळींत होईल. पण निधी देणाऱ्याला, परवानगी देणाऱ्याला आणि पुढच्या वर्षी तिथे उतरणाऱ्याला हवा असतो तो मोजून काढलेला नकाशा. पुढची सगळी आखणी याच एका गोष्टीभोवती करायची आहे.

पहिली पायरी: चालू कामाला जोडून घ्या

नवख्यांचा पहिला विचार असतो की कुणीच न गेलेली जागा शोधू. माझे मत स्पष्ट आहे: पहिल्या दोन मोसमांत हा विचार बाजूला ठेवा आणि आधीपासून चालू असलेल्या मोहिमेत शिरा.

तोल्मिन गावाच्या वर तोल्मिन्स्की मिगोवेच नावाचा डोंगर आहे, उंची सुमारे १८८० मीटर. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचा केव्हिंग क्लब १९९४ पासून तोल्मिनच्या स्थानिक गुहाशोधकांबरोबर या एका डोंगरावर काम करतो आहे. वेगवेगळ्या तोंडांनी सुरू झालेल्या गुहा एकेक करून आतून जोडल्या गेल्या. आज त्या मिगोवेच प्रणालीची मोजलेली लांबी ३५ किलोमीटरच्या पुढे आणि खोली साडेनऊशे मीटरहून जास्त आहे. हे काम विद्यार्थ्यांच्या पिढ्यांमागून पिढ्यांनी केले. ऑस्ट्रियातल्या टोटेस गेबिर्गेमध्ये केंब्रिजच्या विद्यार्थ्यांचा क्लब १९७६ पासून असेच काम करतो आहे. दरवर्षी नवी माणसे येतात, जुनी शिकवतात, नकाशा वाढत जातो.

अशा मोहिमेत गेलात की दोर कुठे बांधायचा, पाणी कुठून आणायचे, पाऊस आला की कोणता टप्पा धोक्याचा, हे सगळे आयते शिकायला मिळते. खर्चही कमी येतो, कारण दोर, बोल्ट (दोर बांधायला खडकात बसवायचे खिळे) आणि तळावरचे, म्हणजे बेस कॅम्पवरचे, सामान आधीच तिथे असते.

स्वतःची जागा शोधायची वेळ आली की वाऱ्याकडे लक्ष द्या. उन्हाळ्यात गुहेतली हवा बाहेरच्यापेक्षा थंड आणि जड असते. ती खाली सरकते, खालच्या तोंडातून गार झोत बाहेर पडतो आणि वरची तोंडे हवा आत ओढतात. हिवाळ्यात उलटे होते. आतली हवा तुलनेने उबदार असल्याने वरच्या तोंडातून बाहेर येते आणि त्या जागेचे बर्फ वितळवते. म्हणून स्थानिक लोक हिवाळ्यात स्कीवर फिरताना बर्फात पडलेली भोके हेरून ठेवतात. दगडांच्या राशीतून जोरात गार वारा येत असेल, तर तिथे खणायला लोक दिवसच्या दिवस घालवतात आणि ते योग्यच आहे.

दुसरी पायरी: स्थानिकांची संमती

डोंगर त्यांचा आहे. स्लोव्हेनियात गुहांना २००४ च्या स्वतंत्र कायद्याचे संरक्षण आहे, देशातल्या गुहांची नोंदवही ठेवली जाते आणि प्रत्येक नव्या गुहेची त्यात भर पडते. गुहाशोधनाची परंपरा इतकी जुनी आहे की आंतरराष्ट्रीय गुहाविज्ञान संघाची स्थापनाच १९६५ मध्ये तिथे झाली. अशा देशात पत्र न पाठवता दोर घेऊन जाणे हा उद्धटपणा ठरतो.

आदल्या वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच स्थानिक क्लबाला लिहा. कोण आहात, आधी काय केले आहे, किती जण येणार, काय मोजणार आणि ती माहिती कुणाला देणार, एवढे एका पानात मावते. त्यांच्या चार जणांना मोहिमेत सामील व्हायचे आमंत्रण द्या. ते आले तर तुमचे निम्मे प्रश्न सुटतात. ज्युलियन आल्प्सचा मोठा भाग त्रिग्लाव राष्ट्रीय उद्यानात येतो, तिथे वाटेल तिथे तंबू ठोकता येत नाही. तळाच्या जागेची लेखी परवानगी हातात येईपर्यंत विमानाची तिकिटे काढू नका.

याच भागात पहिल्या महायुद्धात, १९१५ ते १९१७ या काळात, सोचा नदीकाठची आघाडी होती. डोंगरांवर खंदक आहेत आणि न फुटलेले तोफगोळेही अधूनमधून सापडतात. नवी भोके हुडकत फिरताना गंजलेले लोखंड दिसले तर हात लावायचा नाही, जागा टिपून स्थानिकांना कळवायचे.

तिसरी पायरी: माणसे आणि सराव

सह्याद्रीतल्या ग्रुपना रॅपलिंग येते, धबधब्यातलेही येते. पण गुहेत उतरणे हा सोपा भाग. उतरलेला प्रत्येक मीटर थकलेल्या, भिजलेल्या अंगाने परत चढायचा असतो आणि वरून ओढून घेणारे कुणी नसते. तुमचा सराव खालून वर असा हवा. छातीवरचा आणि हातातला असे दोन ॲसेंडर (दोरावर वर सरकणारी, पण खाली न घसरणारी पकड) लावून अधांतरी लटकणाऱ्या दोरावर शंभर मीटर चढता आले पाहिजे. दोर एकाच जागी सलग ठेवता येत नाही, कपारीला घासू नये म्हणून मध्येमध्ये तो पुन्हा बांधलेला असतो. अशा सांध्याला रिबिले म्हणतात. चढता-उतरताना रिबिले ओलांडणे, चढण्यातून उतरण्यात अधांतरी बदलणे आणि दोरावर बेशुद्ध लटकलेल्या साथीदाराला खाली आणणे, या तीन गोष्टी डोळे मिटून येईपर्यंत मोहिमेचे नाव काढू नका. शेवटची तर अगदी महत्त्वाची, कारण हार्नेसमध्ये निश्चल लटकलेला माणूस काही मिनिटांत गंभीर होऊ शकतो.

हे सगळे शिकायला गुहा लागत नाही. मोठ्या झाडाची मजबूत फांदी, क्लाइंबिंग वॉल किंवा ओव्हरहँग असलेला कडा पुरतो. आपला सह्याद्री बेसॉल्टचा आहे, लेणी माणसाने कोरलेली आहेत, त्यामुळे पाण्याने घडवलेल्या लांब गुहांचा अनुभव महाराष्ट्रात मिळत नाही. त्यासाठी मेघालयात जा. तिथे १९९२ पासून भारतीय आणि परदेशी गुहाशोधक मिळून मोहिमा काढत आले आहेत आणि क्रेम लिआत प्राहसारखी ३० किलोमीटरहून लांब गुहा तिथे मोजली गेली आहे. मेघालयातल्या गुहा बहुतांश आडव्या आणि उबदार असल्याने उभ्या दोरकामाचा सराव तिथे फारसा होत नाही. पण चिखलात सरपटणे, पाण्यातून जाणे आणि सर्व्हे करणे, याला मेघालयासारखी शाळा नाही.

थंडीचा सराव मात्र युरोपातच होतो. आल्प्सच्या उंचावरच्या गुहांत तापमान साधारण १ ते ५ अंश असते आणि हवा ओलाव्याने भरलेली. चालत राहिलात तर ठीक. सर्व्हेची वही धरून अर्धा तास उभे राहिलात की दात वाजायला लागतात. नवखे नेमके इथे फसतात: चढायला सुटसुटीत म्हणून कमी कपडे घालतात आणि मोजणी सुरू झाली की गारठतात. आत लोकरी अस्तराचा एकसंध सूट, वर कॉर्ड्युरा किंवा पीव्हीसीचा ओव्हरसूट, पायात गमबूट, हातात जाड रबरी हातमोजे. जीन्स आणि सुती टी-शर्ट घरीच. प्रत्येक टीमच्या बॅगेत एक पातळ सामूहिक आडोसा, म्हणजे तीन-चार जण डोक्यावरून ओढून आत बसतील असे नायलॉनचे कापड, असलेच पाहिजे. आत बसून पाणी उकळले की दहा मिनिटांत माणसे पुन्हा बोलू लागतात.

दहा-बारा जण पुरेत. त्यांतले निदान चार जण स्वतंत्रपणे दोर बांधू शकणारे हवेत. हे चार नसतील तर बाकी कितीही उत्साही असले तरी मोहीम पुढच्या वर्षावर ढकला.

चौथी पायरी: खर्चाचा ताळेबंद

खर्च दोन वह्यांत मांडा. पहिली वैयक्तिक: विमान, व्हिसा, विमा, स्वतःचे कपडे आणि हार्नेस. दुसरी सामाईक: दोर, बोल्ट, जेवण, गाडी, गॅस, औषधे. निधी शक्यतो दुसऱ्या वहीसाठी मागा. विमानाच्या तिकिटासाठी पैसे मागणारा अर्ज कमकुवत दिसतो.

हिशोब कसा करायचा ते पाहू. आकडे निव्वळ समजण्यासाठी धरलेले आहेत. बारा जण, प्रत्येक जण सरासरी वीस दिवस, म्हणजे २४० माणूस-दिवस. ६०० मीटर स्टॅटिक (फारसा न ताणणारा) दोर २ युरो मीटरने १२०० युरो. बोल्ट, हँगर, कॅराबिनर ६०० युरो. जेवण दिवसाला ८ युरोप्रमाणे १९२०. गाडी आणि इंधन ९००. गॅस, बॅटऱ्या, औषधे ४००. बेरीज ५०२०. त्यावर अडीअडचणीसाठी १५ टक्के, म्हणजे ७५३ युरो. हा १५ टक्क्यांचा आकडा कुणी कितीही आग्रह केला तरी कमी करू नका. एकूण ५७७३ युरो. निधीतून २००० मिळाले असे धरले तर ३७७३ उरतात. त्यातले प्रत्येकी १५० युरो आधीच, परत न मिळणारी रक्कम म्हणून घ्या, १८०० जमतील. उरलेले १९७३ माणूस-दिवसांवर वाटा, दिवसाला सव्वाआठ युरोच्या आत बसते. चार दिवस आलेला आणि महिनाभर राहिलेला सारखेच पैसे भरतो, यावरून पुढे मने दुखावतात. ते या पद्धतीने टळते.

दोराचा अंदाज नेहमी कमी पडतो. गाठी, दुहेरी अँकर आणि रिबिलेतला ढिला दोर यांत बराच जातो, म्हणून उभ्या खोलीपेक्षा निदान पाव पट जास्त धरा. नवा दोर वापरण्याआधी पाण्यात भिजवून वाळवा. तो आक्रसतो, आणि ते कापण्याआधीच झालेले बरे. मग लांबीप्रमाणे तुकडे करून दोन्ही टोकांना लांबी आणि वर्ष लिहा.

पाचवी पायरी: पैसा कुठून

ब्रिटनमधल्या क्लबातून जात असाल तर घर पराऊ फाउंडेशन ही खास गुहामोहिमांना मदत करणारी संस्था आहे. इम्पीरियलसारख्या विद्यापीठांत विद्यार्थ्यांच्या मोहिमांना मदत करणारे मंडळही असते. युरोपीय गुहाविज्ञान महासंघ अनेक देशांच्या गुहाशोधकांनी मिळून केलेल्या प्रकल्पांना हातभार लावतो. स्थानिक क्लबाला सोबत घेण्याचा हा आणखी एक फायदा. भारतातून जाणाऱ्या ग्रुपला सरळ निधी मिळणे कठीण आहे. तिथे आपापल्या गावातल्या कंपन्या, माजी विद्यार्थी आणि गिर्यारोहण संस्था यांच्याकडेच जावे लागते. रोख रकमेपेक्षा वस्तू मागा: सवलतीत दोर, सुका खाऊ, बॅटऱ्या. दुकानदार किंवा उत्पादक वस्तू द्यायला लवकर तयार होतात. आणि घेतलेल्या प्रत्येक मदतीचा हिशोब व फोटो मोहिमेनंतर पाठवायचाच, तो मागावा लागू नये.

अर्जाची मुदत बहुतेक ठिकाणी मोहिमेच्या काही महिने आधी संपते. दिवाळीनंतर लगेच लिहायला बसा. आता अर्जातले एक वाक्य पाहू. “आम्ही स्लोव्हेनियातील अज्ञात गुहांचा शोध घेणार आहोत” हे वाक्य समितीने शेकडो वेळा वाचलेले असते. त्याऐवजी असे काही लिहा: “मागच्या वर्षी २८० मीटर खोलीवर दोर संपल्याने थांबलेल्या शाफ्टमध्ये जोरदार वारा आहे. त्याचा तळ नकाशावर शेजारच्या गुहेच्या टोकापासून आडव्या अंतरात ११० मीटरवर येतो. आम्ही तीन टीम लावून हा दुवा तपासू. दुवा मिळाला नाही तरी दोन्ही टोकांचा सर्व्हे पूर्ण होईल.” (शाफ्ट म्हणजे गुहेतली उभी विहीर.) यात ठिकाण आहे, कारण आहे, पद्धत आहे आणि यश न मिळाल्यास काय हाती लागेल तेही आहे. सोबत मागच्या वर्षीचा नकाशा जोडा. पहिल्यांदाच जात असाल आणि नकाशा नसेल, तर मेघालयात किंवा क्लबाच्या मोहिमेत स्वतः केलेला सर्व्हे जोडा. निदान मोजता येते हे तरी दिसेल.

सहावी पायरी: विमा आणि सुटका

इथे काटकसर करायची नाही.

जून २०१४ मध्ये जर्मनीतल्या रीझेंडिंग गुहेत सुमारे १००० मीटर खोलीवर एका अनुभवी संशोधकाच्या डोक्यावर दगड पडला. त्याला बाहेर काढायला अकरा दिवस आणि अनेक देशांतले सातशेहून जास्त लोक लागले. तो वाचला. खर्च नऊ लाख युरोंच्या पुढे गेला. खोल गुहेत साधे मोडलेले पाऊलसुद्धा कित्येक दिवसांची सुटका मोहीम ठरू शकते.

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा लागतोच, पण तो व्हिसापुरता. साध्या प्रवास विम्यात गुहाशोधन बहुधा वगळलेले असते. पॉलिसीत गुहाशोधन, दोरावरचे काम, नव्या भागाचा शोध आणि जमिनीखालून सुटका हे चारही शब्द लेखी आहेत का ते तपासा, शंका असेल तर कंपनीकडून ईमेलवर उत्तर घ्या. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्यात भेटीच्या वेळा भराभर संपतात, त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्येच कागद तयार ठेवा. स्थानिक क्लबाचे आमंत्रणपत्र फाइलमध्ये असले की मुलाखतीत समजावून सांगणे सोपे जाते. विमानात पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेत ठेवा. गॅसचे डबे कुठल्याच बॅगेत चालत नाहीत, ते तिथेच विकत घ्या.

तळावर एक वही ठेवा. आत जाणारी प्रत्येक टीम त्यात नावे, गुहेचा भाग, निघण्याची वेळ, परत यायची अपेक्षित वेळ आणि शेवटची मुदत लिहील. ती मुदत उलटली की वर असलेले लोक ठरलेल्या क्रमाने हालचाल सुरू करतील: आधी दोघे सामान घेऊन तोंडापर्यंत, त्याच वेळी स्थानिक सुटका पथकाला आणि ११२ ला फोन. बाहेर आलेल्या टीमने सही करण्याआधी चहासुद्धा घ्यायचा नाही, असा नियम असावा. झोपेच्या भरात सही राहिली, तर मध्यरात्री अख्खे पथक विनाकारण डोंगर चढते.

सातवी पायरी: डोंगरावर

जुलै-ऑगस्ट हा मोसम. त्याआधी तोंडांत बर्फ असते. तोल्मिन्स्के राव्ने गावातून मिगोवेचच्या पठारावर सगळे सामान पाठीवर न्यावे लागते, चढ साधारण हजार मीटरचा. पहिले तीन दिवस फक्त ओझी वाहण्यात जातात, हे वेळापत्रकात धरा. चुनखडीच्या पठारावर पाणी टिकत नाही, पडले की खाली मुरते. पावसाचे पाणी ताडपत्रीवर साठवायचे किंवा गुहेच्या तोंडातले बर्फ वितळवायचे. आपली पोह्यांची पाकिटे, सातू, शेंगदाण्याची चिक्की आणि झटपट उपमा इथे फार कामाला येतात: हलके, कमी पाण्यात होणारे आणि तोंडाला चव आणणारे.

दुपारी वादळ येते. हवामान रोज सकाळी पाहा आणि पाऊस असेल तर ज्या शाफ्टमध्ये पाणी कोसळते तिथे जाऊ नका, किंवा दोर पाण्याच्या धारेपासून दूर बांधा.

आत तीन जणांची टीम उत्तम. एक जण पुढे जाऊन स्थानक, म्हणजे मोजणीचा पुढचा बिंदू, ठरवतो, दुसरा लेझर यंत्राने अंतर, दिशा आणि उतार मोजतो, तिसरा वहीत आकडे आणि चित्र काढतो. डिस्टोएक्ससारखे यंत्र आकडे थेट फोनवर पाठवते, तरी चित्र हातानेच काढावे लागते आणि चांगला चित्रकार टीममध्ये सोन्याच्या मोलाचा. नियम एकच: नवा बोगदा दिसला की मोजत मोजत पुढे जायचे. आधी धावत टोक गाठून नंतर मोजू म्हटले की ते नंतर बहुधा येत नाही. त्याच संध्याकाळी तळावर सर्व्हेक्स किंवा थेरियन या गुहांच्या सर्व्हेसाठीच्या संगणक-प्रोग्रॅममध्ये आकडे भरा. चूक लक्षात आली तर दुसऱ्या दिवशी जाऊन पुन्हा मोजता येते.

खोल भागात काम असेल तर आत तळ टाकून तीन-चार दिवस राहतात. पहिल्या वर्षी हे नको.

आठवी पायरी: आवराआवर आणि अहवाल

शेवटचे चार दिवस दोर काढण्यासाठी राखून ठेवा. या दिवसांत माणसे कमी होतात, कारण परतीची तिकिटे आधीची असतात. म्हणून प्रत्येकाकडून वेगळी अनामत घ्या आणि दोर धुऊन, मोजून, गुंडाळून झाल्यावरच परत करा. पुढच्या वर्षी येणार असाल तर कोणता दोर आत ठेवला, कुठे, किती मीटर, हे नकाशावर लिहा. भारतात परत आणताना किंवा दुसऱ्या देशातल्या गुहेत नेण्याआधी सगळे कपडे आणि सामान स्वच्छ धुऊन पूर्ण वाळवा. चिखलातून बुरशी आणि जंतू एका गुहेतून दुसरीत जातात, त्याचा फटका वटवाघळांना बसतो.

अहवाल दोन महिन्यांत लिहून संपवा. तोंडांचे अक्षांश-रेखांश, तिथे ठोकलेल्या क्रमांकाच्या पट्ट्या, मोजणीचे मूळ आकडे, नकाशा, खर्चाचा हिशोब, थांबलेल्या प्रत्येक टोकाला वारा आहे की नाही आणि पुढे किती दोर लागेल. एक प्रत स्थानिक क्लबाला, एक गुहांच्या नोंदवहीसाठी, एक निधी देणाऱ्यांना. मूळ आकड्यांची फाइल मात्र निदान तीन जणांच्या संगणकावर असू द्या.